कोयता खिळ्यालाच होता

(पोलीस ठाण्याचा मागचा व्हरांडा. सकाळचे साडेदहा. सहायक फौजदार लोटन आणि मयुरी.)

मयुरी : पंचनाम्यात कोयता भावाच्या हातात होता असं कसं लिहिलं, लोटनभाऊ? कोयता खिळ्याला होता. गोठ्याच्या दाराजवळ. तुम्हीच हात वर करून काढला.

लोटन : हळू बोल. आत साहेब आहेत.

मयुरी : हळूच बोलतेय.

लोटन : आधी तू काय बोललीस ते आठव. ‘माझा भाऊ कोयता घेऊन आईच्या अंगावर धावतोय.’ काल दुपारी चार वाजून दहा मिनिटं. नोंद आहे.

मयुरी : तो तिसरा फोन. आधीच्या दोन फोनची आहे नोंद?

लोटन : बस तरी. उभ्यानं किती भांडशील?

मयुरी : सोमवारी सांगितलं, कुंदन अकरा दिवस धड जेवला नाही. टाकीच्या पाण्यात कोणी काहीतरी कालवलंय म्हणतो, गोठ्यात जाऊन बसलाय. पाचोऱ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या त्यानं सोडल्यात. मी आणि आई, दोघीच घरात. त्याला गाडीत बसवायला माणसं द्या, एवढंच मागितलं. उत्तर आलं, दवाखान्यात न्या, हे पोलिसांचं काम नाही. बुधवारी पुन्हा केला, पुन्हा तेच. बुधवारचा आवाज तुमचा होता.

लोटन : माझाच.

मयुरी : कोयता म्हटलं आणि बारा मिनिटांत गाडी दारात.

लोटन : आणि गाडीत चौघं, चौघांकडे काठ्या. कोयतेवाल्याकडे कोणी नारळ घेऊन जात नाही, पोरी.

मयुरी : ते मला कळायला पाहिजे होतं.

लोटन : पाहिजे होतं.

मयुरी : केळीच्या बागेत काय झालं? मी बांधापर्यंत पळत आले, पुढे तुमच्या माणसानं येऊ दिलं नाही.

लोटन : तू आमच्या चौघांच्या पुढे होतीस. म्हणून अडवलं.

मयुरी : काय झालं, ते सांगा.

लोटन : काय होणार? गाडी बघून तो केळीत शिरला. आम्ही दोन्हीकडून गेलो. वाळकी पानं वाजायला लागली की माणूस कुठे आहे ते कळत नाही. आमचा नवा पोरगा होता पुढे. त्याच्या डोक्यात कोयताच. कुंदन एकदम समोर आला आणि यानं काठी घातली. मनगटावर बसली. मग तो खाली बसला, दोन्ही हात कानांवर ठेवून. हातात काही नव्हतं. ठिबकच्या नळीचा तुकडासुद्धा नव्हता.

मयुरी : मग पंचनाम्यात कोयता हातात कसा आला?

लोटन : काठी बसली होती ना. रिकाम्या हातावर काठी का मारली, त्याचं उत्तर नसतं. कोयता प्रत्येक केळीवाल्याच्या घरी असतो. तुझ्याही होता.

मयुरी : म्हणजे मी खोटं बोलले, म्हणून तुमच्या पोरानं मारलं. त्यानं मारलं, म्हणून तुम्ही खोटं लिहिलं.

लोटन : वकील का नाही झालीस?

मयुरी : रात्री जेवला का तो?

लोटन : नाही. सकाळी चहा दिला. म्हणाला, आधी तुम्ही प्या. अर्धा मी प्यालो, मग उरलेला त्यानं घेतला. हात सुजलाय. डावा आहे.

मयुरी : आता काय करणार त्याचं?

लोटन : दुपारी कोर्ट. हत्याराचं कलम आहे, सरकारी कामात अडथळा आहे. तिथून तुरुंग. जामिनाला आठ दिवस, पंधरा दिवस, सांगता येत नाही.

मयुरी : तिथं त्याला पहिला चहा पिऊन कोण दाखवणार?

लोटन : तिथं कोणी नाही दाखवणार.

मयुरी : दवाखान्यात नेता येत नाही?

लोटन : येतं. खरं तर तेच करायचं असतं. अशा माणसाला लॉकअपमध्ये ठेवायचंच नाही, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं. प्रशिक्षणात सांगितलं होतं आम्हाला, जेवणानंतरच्या तासाला. पण कागदावर कोयता आहे तोवर तो आजारी नाही, आरोपी आहे.

मयुरी : तर कोयता काढा.

लोटन : मी कशाच्या आधारावर काढू? तू लेखी द्यायचं, की फोनवर सांगितलं ते खोटं होतं. मग खोटी माहिती दिल्याचं तुझ्यावर येऊ शकतं. आणि तुझ्या पोलीस भरतीच्या पडताळणीचा कागद माझ्या टेबलावर पडलाय.

मयुरी : माहीत आहे.

लोटन : काय माहीत आहे? मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव आलं. रोज पहाटे जामनेर रस्त्यावर पळताना बघतो मी तुला. आता फक्त आमच्याकडून लिहून जायचं, की हिच्यावर काही गुन्हा नाही. मंगळवारी पाठवायचंय. थांब मंगळवारपर्यंत. मग जामीन, मग दवाखाना.

मयुरी : आईही हेच म्हणते. एकाचं तरी नीट होऊ दे म्हणते.

लोटन : बरोबर म्हणते.

मयुरी : तुमच्या मुलाला ठेवलं असतं का मंगळवारपर्यंत?

लोटन : माझ्या मुलाचं काढू नको.

मयुरी : नाही काढत. कागद द्या.

लोटन : विचार कर.

मयुरी : पहाटेपासून तेच केलं. आज पळायलाही गेले नाही. द्या कागद.

लोटन : तू लिहिलंस की माझा पंचनामा खोटा ठरतो. कळतं ना? निवृत्तीला सात महिने राहिलेत माझ्या.

मयुरी : सगळ्या गावाला पाठ आहेत तुमचे सात महिने. वर तारीख लिहू का नाव आधी?

लोटन : तू म्हनस ते बठ्ठं खरं शे.

मयुरी : काय?

लोटन : तू म्हणतेस ते सगळं खरं आहे म्हटलं. नाव आधी लिही. मग तिन्ही फोन लिही, वेळेसकट. बुधवारी कोण बोललं तेही लिही. कोयता खिळ्याला होता, कोणी काढला, सगळं.

मयुरी : तुमचं नाव घालून?

लोटन : मग काय गावचा काका म्हणून घालणार? तू लिहीपर्यंत मी आत जातो. साहेबांना आधी मी सांगतो, नंतर तू कागद घेऊन ये. आधी तुझा कागद गेला, तर मी पकडला गेलो म्हणून कबूल केलं असं होईल.

मयुरी : साहेब नाही म्हणाले तर?

लोटन : ओरडतील. पण आरोपीचा हात सुजलाय, तो कोर्टालाही दिसणारच आहे. दवाखाना त्यांनाही सोयीचा. मग बाराच्या आत जळगावला निघू. मी वर्दी उतरवून साध्या कपड्यांत येतो. तो नवा पोरगा नको, ड्रायव्हर आणि मी.

मयुरी : मी मागे बसते, त्याच्याजवळ.

लोटन : बस. एक सांगतो. सकाळपासून चारदा विचारलंय त्यानं मला, पोलिसांना कोणी बोलावलं म्हणून.

मयुरी : तुम्ही काय सांगितलं?

लोटन : माहीत नाही म्हटलं. तुला बघितलं की तुला विचारेल.

मयुरी : सांगणार आहे मी.

लोटन : गाडीत?

मयुरी : नाही. दवाखान्यात उतरल्यावर. गाडीत त्याला उठून जाता येणार नाही.