पडद्यावरची साक्ष

आदिलाबादच्या कोर्टाबाहेर मीनल एका दाखल्यासाठी बसली होती. बाकावर शेजारी एक म्हातारी आणि तिची लेक बोलत होत्या.

"सुनयना, आता यवतमाळले जा नाई लागत ना?"

"नाई व माय. इकडच्या अन् तिकडच्या, दोन्ही राज्याच्या सरकारांनं मिळून पैसा लावला अन् ही खोली केली. साक्ष इथून द्याची, जज तिकडून टीव्हीवर ऐकते."

"अन् तुहा नवरा?"

"तोबी तिकडंच. टीव्हीत दिसन."

"मांगच्या खेपेले त्यानं नुसतं पाह्यलं, अन् तुही वाचाच बसली."

"तवा तो हातभर अंतरावर उभा होता."

"चटक्याचे डाग दिसतीन का जजले?"

"कॅमेऱ्याजवळ हात नेईन ना."

"मी येऊ का आत?"

"नोको. तू रडशीन."

शिपायानं नाव पुकारलं. सुनयना उठली, आत गेली. दार लागलं. म्हातारी बराच वेळ त्या दाराकडं पाहत राहिली, मग मीनलकडं सरकली.

"पोरी, माह्या कानाले दाराआडचं समजत नाई. तुले काई ऐकू येते का?"

मीनलनं कान दिला.

"येते ना, मावशी. सांगून राह्यली ते. खणखणीत."