कूलरवालं गानं, पूरं

राजेहो, जरा बसून घ्या. मांगचेबी बसा. मले भाषन येत नाई. माइक तपासाले 'हॅलो, हॅलो' म्हनतो, तेवढंच येते. मी गोलू, साउंडवाला. माह्याच माइकवर वसंतकाकाईसाठी बोला लागन, असं कधी वाटलं नोतं. काल त्याइच्या घरी गेलतो. गिटार भिंतीले टेकून ठेवली हाय. तिच्याकडं पाहाच वाटलं नाई.

पन खरं सांगू? मले राग येऊन राह्यला. सकाळपासून पाच जन बोलले. पाचही जन 'चिंगी बसली ट्रॅक्टरवर' याच गान्यावर बोलले. गुर्जी बोलत होते तवा कोनाचा तरी फोन वाजला, त्यातबी चिंगीच. अरे बाप्पा, मानूस गेला. अख्खी जिंदगी गायला तो. एकच गानं गायला काय?

त्याइची दुसरी कॅसेट कोनाले माहीत हाय? हात वर करा.

पाहा. कोनालेच नाई.

'दुपार' नाव होतं तिचं. आठ गानी, एकावरबी नाचता येत नाई. शेवटचं तं कूलरवर हाय. हासा, हासा. तवाबी हासलेच होते तुमी. पुलगावच्या कार्यक्रमात काकाईनं ते पहिल्यांदा म्हनलं. पहिलं कडवं झालं नाई तं लोक ओरडाले लागले, कूलर बंद करा, चिंगी म्हना. काकाईनं तिथंच थांबवलं अन् चिंगी म्हनली. मंग ते गानं कधीच नाई म्हनलं.

ह्या समोर शांताकाकू, काकाईच्या घरच्या, बसल्या हायेत. त्याबी होत्या त्या कार्यक्रमाले. काल मले म्हनल्या, "गोलू, चार लोकाईत मायी टिंगल केली होती त्याइनं. कूलरमधी पानी मीच टाकत होती ना रोज."

काकू, तुमी पहिलं कडवंच ऐकलं. इतकी वर्षं तेवढ्यावरच राग धरून बसल्या.

मी तरी कोनता शहाना? काकाईनं जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हमधी टाकाले माह्यापाशी देल्ल्या. म्या पिपरी मेघेच्या एका वरातीत, नवरदेव घोड्यावर असताना, चिंगीच्या जागी कूलर लावला. मजाक म्हनून. नाचनारे होते तिथंच उभे. खुश झालं ते एक घोडं. नवरदेवाच्या मामानं मायी कॉलर धरली. मी हासत हासत काकाईले सांगाले गेलो, तं काका हासलेच नाई. म्हने, "पूरं वाजू देल्लं काय?"

म्या म्हनलं, नाई, मामानं बंद केलं.

"मंग लावलं कायले बे? लावशीन तं पूरं लावजो."

त्या दिवशी म्या घरी येऊन ते पूरं ऐकलं. गान्यातला पोरगा रातभर कार्यक्रम करून दुपारी झोपला हाय. मे महिना. बायको हळूच येते, बादलीनं कूलरमधी पानी टाकते, आवाज होऊ नये म्हनून बादलीची कडी हातात दाबून धरते. अन् शेवटच्या कडव्यात तो म्हनते, मी जागाच होतो. उठलो असतो तं बादली मले घ्या लागली असती.

मी परत गेलो. काका, खरंच जागे राहत होते तुमी? म्हने, रोज. म्या म्हनलं, मंग काकूले सांगत काऊन नाई? घरातल्या घरात तं हायेत. तं मानूस काय म्हनते?

"सांगतलं ना. गान्यात."

आता कपाय बडवाचं का नाई? गान्यात सांगतलं, अन् गानं कोनाले ऐकू देल्लं नाई. काका, तुमच्यापुढं हात टेकले म्या.

तं ऐका. ताईनं, काकाईच्या पोरीनं, मले दोन मिनिटाचं मौन घ्याले सांगतलं हाय. गानं साडेपाच मिनिटाचं हाय. मौनात मधातून कोनी उठत नाई अन् मौनात कोनी चिंगी मांगत नाई. साउंड माह्यं हाय, मामा इथं कोनाचाच नाई. फोन बंद करा. उभे राहा सारे.

काकू, तुमी बसूनच राहा. शेवटलोग ऐकजा.

काका, पूरं लावतो.