कल्लप्पांच्या मागावरचे धागे

सन्माननीय अध्यक्ष रावसाहेब शंकरप्पा, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आमच्या कार्यकारी समितीचे सभासद, सभागृहातील सभ्य गृहस्थहो, आणि पडद्याच्या त्या बाजूला बसलेल्या माताभगिनींनो,

माझ्याविषयी इतकं चांगलं एका संध्याकाळी ऐकायची मला सवय नाही. ऐकता ऐकता मलाच वाटायला लागलं, हा कोण थोर गृहस्थ, याला एकदा भेटलं पाहिजे. खरं सांगतो, मी थकलो आहे. हार गळ्यात पडला तेव्हा पहिला विचार आला तो खुर्चीचा. तेव्हा मधे थांबलो तर भाषण संपलं असं समजून टाळ्या वाजवू नका, दम घेत असेन.

आज निवृत्त होईपर्यंत या संग्रहालयातली उद्योगाची खोली मी सांभाळली. सांभाळली म्हणजे काय केलं? लोकांनी टाकलेल्या वस्तू मागत हिंडलो. गिरण्या आल्या, घरोघरचे माग बंद पडत गेले, रंगाऱ्यांचे रांजण अंगणात पालथे झाले. मी मोहोळपासून मंद्रूपपर्यंत फिरलो, प्रत्येक दारात तेच विचारायचं, हे आता तुम्हाला लागत नाही ना, मग आम्हाला द्या. कुणी हसून दिलं, कुणी रडून दिलं. नवी पेठेतले एक कापडवाले तर म्हणाले, मास्तर, तुम्ही आलात की धंदा बसणार असं वाटतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी जिथं गेलो तिथं काहीतरी संपलेलंच असायचं. कंटाळा येतो हो याचा.

त्या खोलीत दाराशी एक माग आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तो कल्लप्पा कोष्ट्यांचा. कल्लप्पा वारले, त्यांचा मुलगा गुरुलिंग गिरणीत लागला, आणि त्यांच्या पत्नी गौरम्मा यांनी माग संग्रहालयाला दिला. मागावर जुन्या ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, वीतभर धागे फणीत तसेच होते. कोष्ट्यांच्या घरी माग कधी उघडा ठेवत नाहीत. लुगडं कापून काढलं तरी थोडे धागे राखतात, आणि पुढच्या ताण्याचं एकेक टोक त्या धाग्यांना वळून जोडतात. म्हणजे पहिलं लुगडं विणलं तेव्हापासून ते सूत तुटलेलंच नसतं. गौरम्मांनी मला एवढीच अट घातली होती. म्हणाल्या, "मास्तर, धागं तोडू नगा. धागं हाईत तवर माग बंद न्हाय. इनणारा जेवाय गेलाय, एवडंच."

ही अट पाळणं किती अवघड जाईल याची मला कल्पना नव्हती. पाहुणे येणार म्हटलं की आमच्या मंडळींना ती लोंबणारी सुतं घाण दिसायची. एकदा एक बडे साहेब यायचे होते. एक उत्साही सभासद, नाव कशाला सांगू, समोरच बसलेत आणि हसताहेत, ते कात्री घेऊन निघाले. मला दुसरं काही सुचेना. मी सरळ मागावर जाऊन बसलो. तेवढ्यात साहेब आत आले. त्यांना वाटलं, मीही प्रदर्शनातलाच. दुभाष्याकडून विचारलं, किती वर्षं विणतोस? मी म्हटलं, पुष्कळ वर्षं झाली, कापड अजून निघालेलं नाही. साहेब खूश झाले. सभासद महिनाभर बोलले नाहीत.

असो. हसून घ्या, कारण पुढचं हसण्यासारखं नाही.

गेल्या वर्षी गिरणीनं माणसं कमी केली. त्यात गुरुलिंग घरी बसला. बापाची विद्या हातात आहे, माग नाही. गौरम्मा माझ्याकडे आल्या आणि माग परत मागितला. आयुष्यभर मी लोकांकडे वस्तू मागितल्या, वापरायला हवी म्हणून वस्तू परत मागणारं माणूस ते पहिलंच. तुम्हाला सांगतो, मला फार बरं वाटलं. आणि लगेच वाईट वाटलं, कारण आपला नियम असा, की देणगीत आलेली वस्तू दात्याला परत देता येत नाही. नियम चांगला आहे, मीच लिहिलेला आहे. समितीपुढे तीनदा विषय नेला, तीनदा समितीनं मला माझाच नियम वाचून दाखवला. आता त्या खोलीत वर्तमानपत्रांचं वाचनालय व्हायचं आहे. वाचनालयाला माझा विरोध नाही. पण माग सुटा करून तळघरात जाणार, आणि सुटा करायचा म्हणजे धागे कापणार. पुढच्या सोमवारी. मी तेव्हा निवृत्त होऊन मंद्रूपला असेन, मागावर बसायला कुणी नसेल.

आता रावसाहेबांचं भाषण आठवा. ते म्हणाले, मास्तरांनी संग्रहालयातली आवडेल ती वस्तू आठवण म्हणून न्यावी, तसा समितीचा एकमतानं ठराव झाला आहे. टाळ्या तुम्हीच वाजवल्यात. तुम्हाला वाटलं असेल, मास्तर भिंतीवरचं घड्याळ नेतील. घड्याळ राहू द्या, मला आता वेळ बघून करायचं काय आहे?

मला कल्लप्पांचा माग हवा.

तो एकदा माझा झाला की नियम संपला. माझी वस्तू मी कुणालाही देईन. रावसाहेब, आपण चिटणिसांकडे पाहू नका, माझ्याकडे पाहा. ...आपली मान हलली. सभेनं पाहिली. मी आपला फार आभारी आहे. आपण माझा हा सत्कार केलात असं मी समजतो, बाकीचा हार-नारळाचा झाला तो उपचार.

समितीचे, आपणा सर्वांचे, आणि त्या खोलीची धूळ माझ्याबरोबर खाल्लेला आमचा शिपाई धुळा याचे मी मनापासून आभार मानतो. थकलेल्या माणसाच्या तोंडून काही अधिकउणं गेलं असेल, भरसभेत मी रावसाहेबांना अडचणीत आणलं, तेही मोठ्या मनानं पोटात घाला.

आता एकच विनंती. गौरम्मा आणि गुरुलिंग बाहेर बैलगाडी घेऊन दुपारपासून उभे आहेत. ठरावाची कुणकुण मला आधीच लागली होती; मी त्यांना शब्द दिला नव्हता, नुसतं या म्हटलं होतं. चौघा धडधाकट मंडळींनी हात लावावा. माग उभाच उचला, आडवा करू नका, धागे सांभाळा.

जेवायला गेलेला माणूस परत आलाय.