बसून भाकर थापायची जागा

माझं माहेर धावड्याचं, भोकरदन तालुक्यातलं, आणि जालन्यात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, भिंतीला भाकरी थापायला बसले ती माझी मीच, कोणी हात धरून आणलं न्हाई. काय सांगू तुम्हाला, एकदा पालिकेनं सुशोभीकरण म्हणून उठवलं, दुसरी जागा देऊ म्हणले, अजून देऊनच राह्यले. माझ्या जागेवर कारंजं आहे, तेही कोरडं, आणि मी त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला बसते. तवापासून कोणी कागद घेऊन आलं की माझं डोकं फिरतं.

मंग हा आर्किटेक्ट पोरगा आला, मावशी मावशी करत. मावशी म्हणणारा काहीतरी मागायलाच येतो. सगळ्या गाडेवाल्यांना एका छताखाली आणायचं, जेवणाचं संकुल बांधायचं, बिलकुल आपल्या मातीतलं, असं म्हणून त्यानं नकाशा पसरला. भिंतीवर बैलजोडी, कोपऱ्यात खोटी विहीर, आणि माझा ओटा कमरेइतका उंच. म्या म्हणलं, बापू, तुझ्या घरी उभ्यानं भाकर कोण थापतं? टेबलं चार-चार माणसांची. माझ्याकडं दहा हमाल येतात, कालवण त्यांच्या घरचं, भाकर माझी, मधी डबे उघडतात आणि एकमेकांत हात घालतात. ते चौघं-चौघं कसे बसतील? आणि खाली बारीक अक्षरात, बाहेरचं अन्न आणण्यास मनाई. मला वाचता येतं हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे माझं गिऱ्हाईकच मनाई.

असा आवाज चढवला की हमाल पोती टाकून आले. पोरगा पळाला न्हाई. त्यांच्यातच बसला, डबा उघडला, आत नुसता ब्रेड, तोही दहा जणांत वाटला गेला. मंग टेप काढून माझ्या गुडघ्यापासून काठवटीपर्यंत मापून राह्यला. म्या हात आखडला. माप माझं नेशील आणि जागा दुसरीला देशील, म्हणलं.

पुढच्या खेपेला आला तर ओटा ठेंगणा, टेबलांऐवजी गोल कट्टा, मनाईवर पेन्सिलीची रेघ.

म्या म्हणलं, "पेन्सिल खोडता येते. पेनानं काट, आणि खाली सही कर."

केली. तो कागद पिठाच्या डब्यात आहे.

आता बांधकाम चालू आहे. काल गवंडी जेवायला गेल्ते, तवा जाऊन त्या कच्च्या ओट्यापुढं बसले आणि हवेतच दोन भाकरी थापून पाहिल्या. उंची बराबर आली. देव त्या पोराचं भलं करो. पण हे त्याला सांगू नका, अजून चूल मांडायची राह्यली.