कुठल्या खिडकीतून आलं?

…बरं, जुलै महिना! टोमॅटो वेलीवरच शिजायला लागलेले, आणि आमच्या घरात सगळ्या खिडक्या बंद! का? तर माझ्या नवऱ्याला, वुकाशिनला, वारं लागलंय! तुम्हाला सांगते, आम्ही सर्बियातली माणसं कशानंही मरत नाही, फक्त दोन उघड्या खिडक्यांमधल्या वाऱ्यानं मरतो. कंबर धरली? वारं. दात ठणकला? वारं. शेजारची पोर नवरा सोडून माहेरी आली… तेही वारंच!

फेब्रुवारीत हा कामाला जायचा तो कारखाना बंद पडला नि हा माणूस सोफ्यावर आडवा झाला तो झालाच. जेवण नको, झोप नाही, दाढी नाही… अहो, टीव्हीवर मंत्री बोलत होता आणि यानं एक शिवी दिली नाही! सासूबाई म्हणाल्या, "मिलुन्का, वारं लागलंय, दुसरं काही नाही!" आणि काढली राकिया, घरी गाळलेली आलुबुखाराची दारू. थोडी छातीला चोळली, थोडी मोज्यात ओतली, उरलेली पोटात… आणि पोटाचा वाटा रोज वाढतच चालला!

शेवटी नेला ओढत आरोग्य केंद्रात. सासूबाई बरोबर, दोन शाली घेऊन! डॉक्टरीण एवढीशी पोर. म्हणाली, "याला नैराश्य म्हणतात. आळस नाही, आजार आहे."

"कुठल्या खिडकीतून आलं?" इति सासूबाई.

पोर हसली नाही हो! "दारू किती घेतात?"

"औषधापुरती."

"म्हणजे?"

"बाटली."

"आजी, आधी पेल्यात भागायचं, आता बाटली लागते. नाही मिळाली की हात थरथरतात. याला व्यसन म्हणतात."

"थरथरतील नाही तर काय! तुझा पंखा चालू आहे!"

"दारू मनाला आणखी खाली ओढते. पण घरच्या घरी एकदम तोडू नका, जिवावर बेतेल. आम्ही लक्ष ठेवून सोडवू."

तेवढ्यात वुकाशिन हळूच म्हणाला, "आई, सकाळी उठावंसंच वाटत नाही गं… कशाला उठायचं?"

सासूबाईंनी त्याच्या खांद्यावर शाल घातली. पहिल्यांदाच वाऱ्याचं नाव काढलं नाही. मला फार भीती वाटली तेव्हा, खरं सांगते.

मग गोळ्या, तपासण्या, दर गुरुवारी त्या पोरीशी बोलणं. सात आठवडे! सासूबाईंनी राकिया शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून टाकली. कुणी विचारलं तर, "वारं लागलंय, दुसरं काही नाही!" आणि घरात गोळी गिळेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या!

परवा रविवारी जेवायला बसलो. वुकाशिननं सूप चाखलं, चमचा आपटला. "मीठ काय, मंत्र्यांनी खाल्लं का गं? चोर लेकाचे सगळे!"

शिवी दिली हो! मी तिथंच ढसाढसा रडायला लागले, थांबेचना… सासूबाईंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"वुकाशिन, गुरुवारी हिलाही ने रे त्या पोरीकडे."

आता सांगा, मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?