तपकिरी खडू

वीस वर्षं झाली, तरी दवाखान्याच्या बाकावरचं ते हसरं भांडण माझ्या कानात आहे. एक मुख्याध्यापिका होत्या, दुसरे त्यांच्याच शाळेतले हेडक्लार्क.

"बाई, बालवर्गाच्या शिक्षिकेची जागा गुणांवर भरा. उमेदवाराचा रंग कसला बघता?"

"मुलांनी शिक्षिकांची चित्रं काढली, भाऊसाहेब. सगळ्या फिकट गुलाबी! तपकिरी खडूला कुणी हात लावला नाही."

"म्हणून काळी बाई नेमायची? खडू झिजावा म्हणून?"

"अर्धा वर्ग काळा आहे. आपल्यातलं कुणी बाई होतच नाही, असं वाटतं हो त्या लेकरांना."

"पण त्या दुसऱ्या उमेदवार मुलीला दोन गुण जास्त आहेत!"

"दोनच ना? घरचं कार्य असल्यासारखे का भांडताय?"

"ती दुसरी माझी भाची आहे, बाई. आणि नमुना पाठाच्या वेळी मुलं तुमच्या त्या काळ्या मुलीलाच बिलगली, तेही मी दारातून पाहिलंय."