एन्डेव्हर करणार

दवाखान्यातला कंपाउंडर पुड्या बांधत होता, पण कान बाकावरच्या मावशी आणि त्यांच्या शेजारणीच्या गप्पांकडे होते.

“मावशी, लिफ्टवाल्यांचं उत्तर आलं?”

“आलं की! दुरुस्तीसाठी एन्डेव्हर करणार म्हणे.”

“म्हणजे काय?”

“प्रयत्न. डिक्शनरीत बघितलं.”

“मग सरळ प्रयत्न लिहायला काय धाड भरली होती?”

“प्रयत्न लिहिलं की आपण विचारतो, कधी? एन्डेव्हर लिहिलं की विचारतो, म्हणजे काय? तेवढ्यात त्यांचा महिना निघतो.”

“आणि काका अजून चौथ्या मजल्यावरच?”

“दोन महिने. इथे डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट नको, पेशंट आणा.”

“मुलाला बोलवा ना. पाठीवर घेऊन उतरवेल.”

“केला फोन. ‘बघतो, जमवतो’ म्हणाला.”

“म्हणजे येणार!”

“नाही गं. एन्डेव्हर करणार.”